हात केल्यावरच थांबणारी गाडी

१

दुपारी बारा वीसला सईचा फोन यायचा. इंग्लंडमध्ये तेव्हा सकाळी आठला दहा मिनिटं कमी असायची आणि ती नुकतीच गाडीत बसलेली असायची. कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या वेळेला वरणाचा कुकर उतरलेला असायचा, कणीक भिजवून झाकलेली असायची. मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायचे आणि स्टुलावर बसायचे. मुकुंद, म्हणजे माझे मिस्टर, एक वाजता ऑफिसातून जेवायला घरी येतात. त्यामुळे तेवढा वेळ माझा एकटीचा होता.

सई आमची एकुलती एक मुलगी. तिकडे एका लहान गावात एकटी राहते आणि पलीकडच्या मोठ्या गावातल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. जायला-यायला एक दोन डब्यांची गाडी. "आई, आपल्या सियालदाच्या लोकलचं पिल्लू वाटतं गं," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती. ती कानात इअरफोन घालायची आणि फोन खिडकीच्या कडेला असा उभा करायची की मला बाहेरचं दिसावं. मेंढ्या, झुडपांची कुंपणं, ओले रस्ते, लांबवर एखादं चर्च. मी बारावीपर्यंत शिकलेली, इंग्रजी यथातथाच. पण गाडीतल्या स्पीकरवरची बाई ज्या क्रमाने स्टेशनांची नावं सांगते तो मला पाठ झाला होता. थॉर्नली, विंडल आणि मग वेदरली हॉल्ट.

वेदरली हॉल्टला गाडी नुसती मंद व्हायची, थांबायची नाही. एवढासा फलाट, एक बाक, एक पाटी. मागे गाव नाही, दुकान नाही.

"इथे उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं," सईने मला समजावलं होतं. "आणि चढायचं असेल तर फलाटावरून ड्रायव्हरला हात करायचा. कुणी हात नाही केला तर गाडी तशीच पुढे."

"म्हणजे आपल्या एसटीसारखं. हात दाखवा, गाडी थांबवा."

"एसटी काय असतं?"

कोलकात्यात वाढलेली मुलगी. तिला मी काय सांगणार!

चौदा महिन्यांत तिथे कुणी हात केला नव्हता. तो हॉल्ट गेला की गाडी दोन उंच दरडींच्या मधून जायची आणि रेंज जायची. म्हणून आमचा निरोप नेहमी तिथेच व्हायचा. सोळा मिनिटं झालेली असायची. ती म्हणायची, "चल आई, टाटा कर," आणि मी हात हलवायचे.

ही सवय जुनी. सई लहान असताना आम्ही ढाकुरियाला रेल्वेलाइनीला लागून भाड्याने राहायचो. संध्याकाळी तिला कडेवर घेऊन मी गॅलरीत उभी राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक लोकलला आम्ही दोघी हात करायचो. शंभरातलं एखादं माणूस उलट हात करायचं. तेवढ्याने ती खूश होऊन जेवायला बसायची.

२

सप्टेंबरच्या सुरुवातीला मला त्या बाकावर पहिल्यांदा एक बाई दिसली. तपकिरी कोट, हात मांडीवर, मान खाली. गाडी मंद झाली, बाई चौकटीतून सरकली आणि गेली.

"आज कुणीतरी बसलं होतं गं," मी म्हटलं.

"कुठे?"

"वेदरलीला. बाकावर."

"नव्हतं कुणी. मी बाहेरच बघत होते."

मी सोडून दिलं. कुणी कोट विसरून गेलं असेल. फोनवरच्या चित्राचा भरवसा तो काय, कधी सईचंच नाक कानाजवळ दिसतं. पण दुसऱ्या दिवशी बाई होती. तिसऱ्या दिवशीही होती. सगळं तसंच. रोज तेवढीच खाली मान. मला तिची भीती नाही वाटली, हे मी खरं सांगते. मला तिची दया आली. एवढ्या सकाळी, थंडीत, जिथे गाडी थांबत नाही तिथे रोज येऊन बसायचं आणि हातही करायचा नाही. घरात कुणी बोलायला नसेल.

चौथ्या दिवशी सई म्हणाली, "चल आई, टाटा." फोन खिडकीकडेच तोंड करून होता. सई मला दिसत नव्हती, ती बाई दिसत होती. मी हात हलवला. सईला म्हणून की त्या बाईला म्हणून, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

बाईने मान वर केली. ड्रायव्हरकडे नाही, डब्याच्या दाराकडे नाही. सरळ फोनकडे. आणि तिने सावकाश हात वर केला.

मग रेंज गेली.

३

दुसऱ्या दिवशीही मी सवयीने हात हलवला. त्या दिवशी गाडी वेदरलीला थांबली.

दार उघडलं की त्या गाडीत पीं पीं पीं असा बारीक आवाज होतो. तो मी ऐकला. बाई बाकावर बसलेली नव्हती, बाकापाशी उभी होती. तिचा हात अजून अर्धा वर होता. चेहरा मात्र मला दिसला नाही. खिडकीच्या काचेवर दंव होतं आणि ते नेमकं तिथेच जमलं होतं.

गार्ड काहीतरी मोठ्याने बोलला. सई हसली. "आई, गंमत ऐक. ड्रायव्हर म्हणतो त्याला हात दिसला. गार्ड म्हणतो कुणीच नाहीये. दोघांचं जुंपलंय."

"अगं, ती बाई समोर उभी आहे!"

"कुठली बाई?"

"तपकिरी कोटातली. बाकाशेजारी."

सई म्हणाली, "आई, फलाट रिकामा आहे."

त्या आठवड्यात गाडी रोज तिथे थांबली. सईची स्टेशनवरून हॉस्पिटलला जाणारी बस चुकायला लागली. ती फोनवर करवादायची, त्या ड्रायव्हरला नावं ठेवायची. इकडे माझा जीव टांगलेला, कारण बाई रोज थोडी पुढे येत होती. बाकापासून दोन पावलं. मग पाटीपर्यंत. मग फलाटाच्या कडेच्या पिवळ्या पट्ट्यावर. रोज मी सांगायचे आणि रोज सई तेच उत्तर द्यायची, शेवटी शेवटी तर दात आवळून.

"सई, तू जागा तरी बदल. दुसऱ्या डब्यात बस."

"आई, पुरे!" ती एवढ्या जोरात बोलली की तिच्या डब्यातल्या कुणीतरी वळून पाहिलं असावं, कारण मग ती कुजबुजायला लागली. "मी इथे एकटी राहते ना? संध्याकाळी घरी येते तेव्हा रस्त्यावर कुत्रंपण नसतं. आणि तू मला असलं सांगतेस. मग मी काय करायचं? सांग."

मी म्हटलं, "बरं बाळा, चुकले." चुकले नव्हते. पण आईने लेकीला घाबरवायचं तरी किती?

४

मुकुंदना सांगितलं तर ते पोळी तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"तुझा चष्मा किती जुना आहे?"

"चष्म्याचं काय आलं यात?"

"सरोज, मी नाही म्हणत नाहीये. पण एकेक गोष्ट बाद करायला नको का?"

एकेक गोष्ट बाद करणं हे त्यांचं आवडतं काम. तीस वर्षं कंपनीत तेच केलं. शनिवारी ते मला सॉल्ट लेकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. नंबर तोच निघाला. मग मोबाईलच्या दुकानात. तिथल्या माणसाने माझा फोन उलटासुलटा केला, काचेवरचं पीठ पुसलं आणि म्हणाला, "बउदी, रान्नाघरे फोन राखबेन ना." वहिनी, स्वयंपाकघरात फोन ठेवू नका म्हणे. मग ठेवू कुठे? मी त्या दुकानात रडायचीच बाकी होते. मला फोन दुरुस्त करायचा नव्हता. मला कुणीतरी एकदा "हो, आहे खरं" म्हणायला हवं होतं.

दुर्गापूजेच्या पंचमीला मुकुंदनी इलेक्ट्रिशियन बोलावून स्वयंपाकघरातला पंखा दुरुस्त करून घेतला. कित्येक महिने तो टक टक, टक टक करायचा. सई नेहमी चिडवायची, "आई, तुझ्याकडे घोडा बांधलाय का?" आता तो मुकाट फिरायला लागला. मुकुंद म्हणाले, "बघ, सगळ्याचं काही ना काही कारण असतं."

सप्तमीपासून त्यांच्या ऑफिसला पूजेची सुट्टी. सप्तमीला बारा वीसला ते माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसले. खाली सोसायटीच्या मंडपात ढाकाचे ढोल वाजत होते, म्हणून मी खिडकी लावून घेतली.

"अरे वा, आज बाबापण!" सई खूश झाली. दोघं बोलत बसले. मंडप कसा झालाय, भोगाची खिचडी कधी, तिकडे थंडी किती. मी मध्येमध्ये म्हणत होते, "सई, फोन खिडकीकडे कर. विंडल गेलं. सई, खिडकीकडे कर." कुणी लक्ष देईना. शेवटी तिने सुस्कारा सोडून फोन फिरवला.

वेदरली आलं. बाक रिकामा होता. पाटीपाशी कुणी नव्हतं. पिवळा पट्टा स्वच्छ दिसत होता.

"कुठे आहे?" मुकुंद हळूच म्हणाले. त्या हळूपणाचाच मला राग आला.

"चला, टाटा," सई म्हणाली.

"कर की टाटा पोरीला," मुकुंद म्हणाले आणि माझा हात आपोआप वर गेला.

गाडीला गचका बसला. ती थांबली. पीं पीं पीं. आणि चित्राच्या अगदी डाव्या कडेला, खिडकीच्या काचेला लागून, एक तपकिरी पट्टी आली. बोटभर रुंद. कापडाची.

"ते बघा! ते बघा!"

"खिडकीची चौकट आहे ती, सरोज."

"आई," तिकडून सई म्हणाली, "तो पंखा अजून नाही का दुरुस्त केला? किती टक टक करतोय. बाबाचं काही ऐकूच येत नाही."

मुकुंदनी वर पाहिलं. मीही पाहिलं. पंखा आवाज न करता फिरत होता.

"नेटवर्क," मुकुंद म्हणाले. "पूजेत लोड येतो."

पण जेवताना त्यांनी दोनदा वर पंख्याकडे पाहिलं.

५

मी शिकलेली कमी असेन, पण माझं डोकं चालतं. त्या दुपारी भांडी आवरताना मला कळलं की गाडी माझ्यामुळे थांबत होती. मी हात करते. ती उलट हात करते. ड्रायव्हरला तिचा हात दिसतो. एवढंच.

अष्टमीला सई "टाटा" म्हणाली तेव्हा मी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. बाई आता डाव्या कडेला पुरती दिसत होती, दार जिथे येतं तिथे उभी. मी तिच्याकडे बघितलं नाही, मांडीखालची बोटं मोजत बसले. गाडी मंद झाली आणि पुढे निघून गेली.

"आज नाही थांबली!" सई ओरडली. "आई, आज बस मिळणार!"

मला इतकं हलकं वाटलं की मी खाली मंडपात जाऊन देवीपुढे पाच मिनिटं नुसती उभी राहिले. नवमीला तेच. दशमीला तेच. पुढचा आठवडाभर तेच. मी हात केला नाही, गाडी थांबली नाही. बाई पुन्हा मागे मागे जात बाकावर जाऊन बसली. फक्त तिची मान आता खाली नव्हती.

एक दिवस सई म्हणाली, "आई, तू रागावलीस का माझ्यावर?"

"नाही गं. का?"

"टाटा करत नाहीस. मी त्या दिवशी ओरडले म्हणून का?"

"हात कणकेचे असतात."

"आधीपण कणकेचेच असायचे." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "इथे दिवसभर मला कुणी हात पण करत नाही, माहितीये? लोक चांगले आहेत. पण आपलं असं कुणी नाही."

मी तिला काय सांगणार होते? खरं सांगावं तर ती घाबरते, खोटं सांगावं तर दुखावते. मुकुंद म्हणाले, "एक हात हलवायला तुझं काय जातं?" मी पोळपाट इतक्या जोरात आपटला की त्याला चीर गेली.

६

त्यानंतरच्या बुधवारी बारा वीसला फोन आला नाही.

बारा बावीसला मी लावला. फोनमधली बाई म्हणाली की ती व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. पंचवीसला तेच, एकोणतीसला तेच. हॉस्पिटलातून फोन आला असेल, असं मी मनाला सांगितलं. भाजीला हळद टाकली, झाकण ठेवलं.

बारा चौतीसला फोन वाजला. सईचं नाव, सईचा फोटो.

चित्रात सई नव्हती. डबाही नव्हता. समोर ओला फलाट होता, त्याच्या कडेचा पिवळा पट्टा आणि पलीकडे रूळ. पाटीचा मागचा भाग. गाडीतून हे सगळं नेहमी सरकत जायचं, आज ते स्थिर होतं. खाली कोपऱ्यात बाकाची कड दिसत होती, रंग उडालेली. फोन जिच्या हातात होता ती बाकावर बसली होती.

"सई? उतरलीस का? सई, तू तिथे का उतरलीस?"

नुसता वारा. आणि त्या वाऱ्यात, कुठेतरी जवळच, टक टक, टक टक.

मग रूळ कुणकुणले आणि लांबून ती दोन डब्यांची गाडी आली. मंद होत होत फलाटाला लागली. एक खिडकी गेली, दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या खिडकीत माझी सई होती. मी पाठवलेला मोहरीच्या रंगाचा स्वेटर, कानात इअरफोन. आज तिने फोन खिडकीत ठेवला नव्हता, चेहऱ्यासमोर धरला होता आणि ती फोनकडे बघून हसत होती, बोलत होती. मी जेवलीस का विचारलं की ती जशी केस कानामागे सारते, तशी सारत होती.

मग तिने फोनकडे बघून हात हलवला. बोटं भराभर मिटवत, उघडत. ढाकुरियाच्या गॅलरीतून लोकलला करायची तस्सा.

मी किंचाळले. मला गाडी थांबवायची होती. आणि ती थांबवायची एकच रीत मला माहीत होती. स्क्रीनच्या कोपऱ्यात माझं स्वतःचं छोटं चित्र असतं ना, त्यात मला दिसलं की माझा हात खांद्यापर्यंत वर गेलाय. तिथे मी तो अडवला. गाडी थांबली तर दार उघडणार. आणि दारासमोर मी नसणार, मी न्यू टाउनच्या स्वयंपाकघरात असणार. दारासमोर ती असणार, जिच्या हातात फोन आहे.

मी हात खाली ओढला आणि मांडीखाली दाबला. गाडी सईला घेऊन निघून गेली.

मग चित्र हललं, खाली झुकलं. तपकिरी कोटाची मांडी दिसली आणि त्या मांडीखाली दाबून धरलेला एक हात. दुसऱ्या हाताचा अंगठा काच पुसावी तसा स्क्रीनवर आला. त्याच्या नखात हळद होती.

मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग फोन बंद झाला. भाजी खाली लागल्याचा वास सगळ्या घरात भरला होता.

७

सईने फोन उचलला नाही. ती कामावर असली की उचलत नाही. संध्याकाळी पाच वाजता, तिच्या जेवणाच्या सुट्टीत, तिचा मेसेज आला.

"आई आज किती मस्त मूडमध्ये होतीस! आणि finally टाटा केलास!! मला रडायलाच आलं. तू म्हणालीस तशी उद्या वेदरलीला उतरते. एकदा बघूनच टाकू तुझी बाई. पुढची गाडी तासाने आहे, उद्या मला उशिरा जायचंय. बाकावर बसून निवांत गप्पा मारू."

मी तिथल्या तिथे फोन लावला.

"सई, तू उद्या तिथे उतरायचं नाहीस."

"अगं, तूच म्हणालीस! 'एकदा उतर, तुझ्या डोळ्यांनी बघ, म्हणजे माझ्या मनातलं जाईल.' मला तर पटलं."

"मी असं म्हटलं नाही. आज मी तुझ्याशी बोललेच नाही."

"आई."

"तुझा फोन लागत नव्हता, बाळा. तू दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होतीस."

"मी तुझ्याशी बोलत होते!" तिचा आवाज चिरकला. "तू स्वयंपाकघरात होतीस. मागे मसाल्याचे डबे होते. पंखा टक टक करत होता, तुझ्यापेक्षा तोच जास्त बोलत होता. तू विचारलंस स्वेटर टोचतो का. मी कुणाशी बोलत होते मग, सांग ना?"

सांगता येत असतं तर सांगितलं असतं.

"मला शब्द दे की उतरणार नाहीस."

"बरं, नाही उतरत. झालं समाधान?" आजारी माणसाला औषध घे म्हणताना जसा लाडीक आवाज काढतात, तसा तिने काढला. "बाबाला दे."

मुकुंद फोन घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. बराच वेळ हळू आवाजात बोलले. परत आले तेव्हा त्यांनी माझा फोन माझ्यासमोर धरला, बोट ठेवून दाखवलं.

सईचा कॉल. बारा वीस. सोळा मिनिटं.

"हे काय आहे, सरोज?"

"मला माहीत नाही."

"मी तुला खोटं म्हणत नाही गं."

"म्हणा ना! तसं तरी म्हणा!" मी आयुष्यात त्यांच्यावर इतकी ओरडले नव्हते. "चष्मा झाला, फोन झाला, आता मी राहिलेय. मला पण बाद करा."

ते खाली बसले. त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याची हळद रुमालाने पुसली. "उद्या मी घरी थांबतो," ते म्हणाले. "दोघं बसू. ती उतरणार नाही, तिने मला सांगितलंय."

८

गुरुवारी मी स्वयंपाक केला नाही. पंखाही लावला नाही, मुख्य बटण बंद करून ठेवलं. मला घरात कसलाच आवाज नको होता. मुकुंद समोर स्टुलावर बसले होते, त्यांचा फोन त्यांच्या खिशात. माझा फोन आमच्या दोघांच्या मध्ये, साखरेच्या डब्याला टेकलेला.

बारा वीस झाले. फोन वाजला नाही. स्क्रीन काळी होती आणि तिच्यात आम्ही दोघं वाकडे दिसत होतो.

बावीसला मी लावला. ती व्यक्ती दुसऱ्या कॉलवर आहे. चोवीसला लावला. अठ्ठावीसला. मुकुंद घड्याळाकडे बघत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "हॉस्पिटलचा फोन असेल," ते म्हणाले. काल मीही मनाला हेच सांगितलं होतं.

"विंडल गेलं असेल आता," मी म्हटलं. मी दोन्ही हात मांडीखाली सरकवले.

बारा तेहतीसला मुकुंदनी स्वतःचा फोन काढला आणि सईला साधा फोन लावला. पहिल्यांदा तिने तोडला. दुसऱ्यांदा तोडला. तिसऱ्यांदा उचलला. त्यांनी स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला. मागे गाडीचा आवाज येत होता, मंद होत जाणारा.

"बाबा, काय रे? मी आईशी बोलतेय ना!"

मुकुंदनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी तीस वर्षं ओळखते. असा कधी पाहिला नव्हता.

"सई," ते म्हणाले, "आई इथे आहे. माझ्यासमोर बसलीये. ती कुणाशीच बोलत नाहीये. बाळा, ऐक, तू उतरू नकोस."

सई हसली. अगदी मोकळी, लहानपणी गॅलरीत हसायची तशी.

"हो, मला दिसतेय ना ती! ठेव आता, स्टेशन आलं. बघ, हात करतेय."

"सई!" आम्ही दोघंही ओरडलो.

ओट्यावरच्या फोनमधून पीं पीं पीं असा बारीक आवाज आला. मग काहीच नाही.

मुकुंद माझ्या हातांकडे बघत होते. ते दोन्ही माझ्या मांडीखाली होते.